किलोवॅट वेगळं, किलोवॅट-अवर वेगळं: 'पॉवर'चा एकच घोळ जो थांबतच नाही

पॉवर हा शब्द आपण कशालाही लावतो. चष्म्याची पॉवर म्हणजे डायॉप्टर, गोळीची पॉवर म्हणजे मिलिग्रॅम, दुर्बिणीची पॉवर म्हणजे किती पट मोठं दिसतं ते, गणितात पॉवर म्हणजे घात आणि 'पॉवर गेली' म्हणजे लाइट गेले. यात कुणाचं काही अडत नाही, संदर्भावरून कळतं, सोडून द्या. खरा घोळ होतो विजेच्या पॉवरमध्ये. बातम्या बघा, जाहिराती बघा, ईव्हीचे (इलेक्ट्रिक गाड्यांचे) रिव्ह्यू बघा, चांगली शिकलीसवरलेली माणसं बिनधास्त "४० किलोवॅट प्रति तासाची बॅटरी" लिहितात आणि ते वाचून वाचून मला आता खरंच वीट आलाय.

वॅट तुम्हाला माहितीच आहे, बल्ब १० वॅटचा, किटली २,००० वॅटची वगैरे. पण वॅट म्हणजे किती वीज वापरली ते नाही, कुठल्या वेगाने वापरली जातेय ते. १ वॅट म्हणजे सेकंदाला १ जूल. म्हणजे 'प्रति सेकंद' त्याच्या पोटातच आहे, त्यावर आणखी 'प्रति तास' चिकटवणं म्हणजे गाडी "ताशी ६० किलोमीटर प्रति तास" धावते म्हटल्यासारखं झालं. गाडीचा वेग म्हणजे किलोवॅट आणि कापलेलं अंतर म्हणजे किलोवॅट-अवर, एवढं डोक्यात बसलं की काम झालं.

किलोवॅट-अवरमध्ये भागाकार नाहीये, गुणाकार आहे. किलोवॅट गुणिले तास. १ किलोवॅटचं काहीतरी १ तास चाललं की १ किलोवॅट-अवर, म्हणजे ३६ लाख जूल, आणि बोलताना आपण ज्याला 'युनिट' म्हणतो ते हेच. आता २,००० वॅटची किटली ३ मिनिटं चालवा, ०.१ युनिट. १० वॅटचा राउटर दिवसरात्र चालू ठेवा, २४ तासांत ०.२४ युनिट, म्हणजे किटलीच्या दुपटीहून जास्त! आकडा मोठा म्हणजे खर्च मोठा असं समजून लोक किटलीला घाबरतात आणि राउटरकडे बघतही नाहीत, ते याच घोळामुळे.

आणि कुणी म्हणेल की एवढं काय त्यात, समजतं ना. नाही समजत. कारण 'किलोवॅट प्रति तास' याला स्वतःचा वेगळाच अर्थ आहे, पॉवर किती वेगाने वाढतेय किंवा कमी होतेय तो. वीजकेंद्र किती पटकन उत्पादन वाढवू शकतं हे मेगावॅट प्रति मिनिटमध्येच सांगतात. म्हणजे तुम्ही तिसरीच गोष्ट लिहून बसता.

याहून जास्त त्रास होतो तो "हा प्रकल्प वर्षाला १०० मेगावॅट वीज तयार करेल" या वाक्याचा. वर्षाला?? १०० मेगावॅट ही क्षमता आहे, ती कुठल्याही क्षणाला लागू असते. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे अखंड पूर्ण क्षमतेने चालला तर ८,७६,००० मेगावॅट-अवर होतील. सोलर प्रकल्प रात्री बंदच असतो, वर्षभराची सरासरी क्षमतेच्या २० टक्के धरली तर १,७५,००० च्या आसपास. अणुवीज केंद्र ८५ टक्क्यांनी चाललं तर सुमारे ७,४५,०००. दोन्ही '१०० मेगावॅट'चेच, पण हाती येणारी वीज चौपटीहून जास्त वेगळी, त्यामुळे नुसते मेगावॅट शेजारी ठेवून तुलना करणाऱ्या लेखावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

एसीत नेमकं उलटं होतं. तिथे '१२,००० बीटीयू' म्हणतात (बीटीयू हे जूलसारखंच ऊर्जेचं एकक), खरं तर ते ताशी १२,००० बीटीयू असतं, म्हणजे जिथे 'प्रति तास' हवं तिथे गाळतात. असो.

ईव्हीचं गणित सोपं आहे. बॅटरी ४० किलोवॅट-अवर, चार्जर ५० किलोवॅट, भागाकार केला की ४८ मिनिटं. हे कागदावर, प्रत्यक्षात ८० टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावतं म्हणून वेळ जास्त लागतो. ७ किलोवॅटच्या चार्जरवर तेच पावणेसहा तासांच्या घरात जातं.

पॉवरबँकचंही तसंच. "२०,००० एमएएच आहे म्हणजे फास्ट चार्ज करेल" हे चूक, फास्ट की स्लो ते वॅटवर ठरतं. २०,००० एमएएच (मिलिअँपिअर-अवर) म्हणजे २० अँपिअर-अवर, त्याला आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टने गुणलं की ७४ वॅट-अवर, हा साठा झाला. विमानात केबिनमध्ये परवानगीशिवाय न्यायची मर्यादा साधारणपणे १०० वॅट-अवरची असते, त्यामुळे तपासणीला "माझी ६५ वॅटचीच आहे" सांगून काही उपयोग नाही, पाठीवर छापलेला वॅट-अवरचा आकडा दाखवा.