आईच्या सोवळ्यामुळे पोराला ओसीडी?

ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये हे हमखास ऐकू येतं: पोरगा सारखा हात धुतो, कारण आईच अतिस्वच्छतेची. आईवर खापर फोडलं की सगळे मोकळे! पण ओसीडी, म्हणजे नकोसे विचार सारखे मनात येण्याचा आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करण्याचा मानसिक आजार, वळणातून लागत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार मुलामुलांतल्या या लक्षणांच्या फरकाचा ४५ ते ६५ टक्के भाग आनुवंशिक असतो. मोठ्यांमध्ये त्याहून कमी.

मग लोक दुसरं टोक गाठतात, ‘बापाला आहे, म्हणजे पोराला होणारच.’ तेही चूक. जोखीम वाढते, पण अशा घरांतल्या बहुतेक मुलांना ओसीडी होत नाही. ते टक्के लोकसमूहाचे आहेत, तुमच्या बंटीचे नव्हेत. २०२५ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात ओसीडीशी जोडलेल्या डीएनएवरच्या ३० जागा सापडल्या, प्रत्येकीचा वाटा किरकोळ. त्यामुळे जनुकं तपासून ओसीडीचं निदान होत नाही. कुणी तसं पॅकेज गळ्यात मारत असेल, तर पैसे वाचवा.

घरच्यांचा हात असतो तो वेगळ्या जागी. मुलगी झोपेपर्यंत ‘दार लावलं ना?’ विचारते, आई दरवेळी ‘हो गं’ म्हणते. घटकाभर बरं वाटतं, पण शंका आणि खात्रीचं चक्र घट्ट होतं. ते सैल करायला समुपदेशक टप्प्याटप्प्याने शिकवतात, गरज पडल्यास डॉक्टर औषधंही देतात. कुठे जावं कळत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, फुकट.