बंदिस्त हरणांच्या लेंड्या तपासायच्या आहेत? बेळगाव भागातून परवानगीचा अर्ज असा करा

चितळाची मादी गाभण आहे का, कळपातला एखादा नर सतत धास्तावलेला आहे का, हे कळायला त्यांना पकडून रक्त काढावं लागत नाही. पकडणं हाच हरणाला मोठा धोका. जाळ्यात धडपडताना स्नायू निकामी होऊन ते मरू शकतं. जगलं तरी हात लागल्यापासून काही मिनिटांतच रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, चढायला लागतं, म्हणजे आपण दिलेलाच ताण आपण मोजतो. लेंडीचं तसं नाही. यकृतात मोडलेली हार्मोन्स पित्तावाटे आतड्यात उतरतात आणि लेंडीतून बाहेर पडतात. त्यातल्या प्रोजेस्टेरॉनच्या अवशेषांवरून माज आणि गाभणपण कळतं, टेस्टोस्टेरॉनवरून नराचा हंगाम आणि कॉर्टिसॉलवरून ताण.

खानापूर, निपाणी, बेळगावची मुलं हा विषय घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘पडलेल्या लेंड्या उचलायला परवानगी कशाला?’ लागते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३८-जे नुसार प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना डिवचणं, इजा करणं, खायला घालणं, आवाजाने किंवा इतर प्रकारे त्रास देणं मना आहे. कठड्याच्या आत परवानगीशिवाय टाकलेलं एक पाऊलही कळप बिथरवायला पुरेसं असतं.

आपल्याला जवळचं ठिकाण म्हणजे भुतरामहट्टीचं कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालय. ते कर्नाटक प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतं आणि प्राधिकरणाचं मुख्यालय म्हैसूरला आहे. म्हणून अर्ज प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांच्या नावे लिहा, पण आधी भुतरामहट्टीच्या अधिकाऱ्यांना आणि तिथल्या पशुवैद्यांना भेटून त्यांच्यामार्फत पाठवा. ज्यांच्या कळपात आपण जाणार, त्यांना कागद वरून खाली आल्यावर कळावं हे बरं नाही.

अर्ज कोणी करावा? पदव्युत्तर किंवा पीएचडीचा विद्यार्थी, प्राध्यापक, पशुवैद्य. अर्ज संस्थेच्या लेटरहेडवर असावा. एकट्याने, कुठल्याही संस्थेविना केलेल्या अर्जाच्या मागे लागून वेळ घालवू नका. नमुने तपासायची प्रयोगशाळाच नसेल तर परवानगी मिळूनही उपयोग नाही.

सोबत जोडायचं ते असं: विभागप्रमुखांचं आणि मार्गदर्शकांचं पत्र, बोनाफाईड, ओळखपत्र, दोन-तीन पानी आराखडा, नमुने तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेचं संमतीपत्र आणि संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीचं पत्र. प्राण्याला हात लागत नाही म्हणून हे शेवटचं पत्र अनेक जण गाळतात. गाळू नका. मंजुरी लागत नाही असं समितीचं मत असेल तर तेही लेखी घ्या.

खरी परीक्षा होते ती आराखड्यातल्या नमुना गोळा करण्याच्या पानावर. माझ्या एका विद्यार्थिनीचा अर्ज परत आला होता, कारण तिने फक्त ‘ताज्या लेंड्या गोळा केल्या जातील’ एवढंच लिहिलं होतं. कोण गोळा करणार, किती वाजता, कोणत्या दाराने आत जाणार, लेंडी नेमक्या कोणत्या मादीची हे कसं ओळखणार, काहीच नाही. चूक माझीच, मी ते पान न वाचता सही केली होती. दुसऱ्यांदा आम्ही लिहिलं: सकाळी गोठा झाडायच्या वेळीच प्राणीपाल नमुना उचलतील, विद्यार्थिनी कठड्याबाहेरून नजर ठेवून मादीच्या कानाची खूण आणि वेळ टिपेल, मुतात भिजलेली लेंडी घेतली जाणार नाही. त्या एका परिच्छेदाने काम झालं.

त्याच पानावर आणखी दोन गोष्टी हव्यात. नमुना किती दिवसांनी? चितळाच्या मादीचं माजाचं चक्र जेमतेम तीन आठवड्यांचं, म्हणून महिन्यातून एकदा लेंडी उचलून काही कळणार नाही. आठवड्याला किमान दोन-तीन नमुने लागतात. गाभणपण पूर्ण टिपायचं तर साडेसात-आठ महिने धरा. आणि आजची लेंडी आजचा ताण सांगत नाही. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत ताणाची खूण लेंडीत उतरायला साधारण अर्धा दिवस ते एक दिवस लागतो. म्हणून आदल्या दिवशी लसीकरण, पिंजरा बदल, सुट्टीची गर्दी काय होतं त्याची नोंदवही पाहण्याची परवानगीही याच अर्जात मागा.

उचललेली लेंडी उघड्यावर राहिली तर जंतू हार्मोनचे अवशेष मोडत राहतात. लगेच बर्फाच्या डब्यात आणि मग उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये. घरच्या फ्रिजच्या भरवशावर राहू नका, आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. जून ते सप्टेंबर बेळगावच्या पावसात भिजलेले नमुने धुऊन निघतात, तेव्हा अभ्यासाची सुरुवात शक्यतो दिवाळीनंतर ठेवा.

स्वच्छतेचं हमीपत्र स्वतःहून जोडा. नोव्हेंबर २०२५ मध्ये भुतरामहट्टीत सुमारे ३० काळविटं घटसर्पाने (गाई-म्हशींनाही होणाऱ्या जिवाणूंच्या रोगाने) गेली, ती बातमी वाचून आमच्या विभागात त्या दिवशी कोणी जेवलं नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी म्हशी आहेत. गोठ्यातली चप्पल घालून हरणांकडे जायचं नाही, लाळ्या-खुरकूत अशीच पसरते. वेगळे बूट आणि जंतुनाशकात पाय बुडवणं, दोन्ही लिहून द्या.

भीमगड अभयारण्यातली रानातली हरणं अभ्यासायची असतील तर वाट निराळी: कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. नमुने परदेशी प्रयोगशाळेत पाठवायचे म्हटलं तर जैवविविधता कायदा २००२ आड येतो. त्यापेक्षा देशातली प्रयोगशाळा धरा. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचं लुप्तप्राय प्राण्यांवरचं लॅकोन्स केंद्र याच प्रकारचं काम करतं.

भाषेचं एक. आपण विचार मराठीत करतो, पण अर्ज इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये द्या आणि वर कन्नडमधलं एक पानी पत्र जोडा. लेंडीला कन्नडमध्ये ‘हिक्के’ म्हणतात. हा एक शब्द घेऊन आमची विद्यार्थिनी प्राणीपालांशी बोलायला गेली, तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही आत येऊ नका, बिथरतात ती. मी उचलून डबीत ठेवतो, नाव फक्त आधी लिहून द्या.” डब्यांवर माद्यांची नावं, तारीख आणि वेळेसाठी रिकामी जागा आदल्या रात्रीच लिहून ठेवा, पेन्सिलने, बर्फात शाई पसरते.