शिक्षकांचे स्वरारोग्य

शिक्षकांचे स्वरारोग्य : अध्यापनासाठी रोज दीर्घकाळ आणि बहुधा चढ्या आवाजात बोलणाऱ्या शिक्षकांच्या स्वरयंत्राची स्थिती, ती बिघडवणारी कारणे आणि ती टिकवणाऱ्या सवयी यांचा विचार या विषयात होतो. ‘घसा बसला’ एवढ्या दोन शब्दांत शिक्षककक्षात ही तक्रार आटोपली जाते. तिचे मूळ मात्र घशापेक्षा वर्गखोलीत अधिक असते.

साध्या बोलण्यात पुरुषांचे स्वरतंतू (स्वरयंत्रातील, कंपनाने आवाज निर्माण करणाऱ्या पट्ट्या) सेकंदाला सुमारे १०० ते १३० वेळा, तर स्त्रियांचे सुमारे २०० वेळा एकमेकांवर आदळतात. आवाज चढवला की आघाताचा जोर वाढतो, तंतूंना सूज येते आणि विश्रांती न मिळाल्यास त्यांच्या कडांवर लहान गाठी धरतात. शिक्षिकांमध्ये या गाठी अधिक आढळण्याचे एक कारण या वाढीव कंपनसंख्येत आहे.

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडील महाबळेश्वर, जावळी व पाटण या तालुक्यांतील डोंगरी वस्त्यांवर पटसंख्या कमी असल्याने द्विशिक्षकी शाळा पुष्कळ आहेत. तेथे एकाच खोलीत दुसरीची मुले पाढे म्हणत असताना चौथीला भागाकार समजावून सांगावा लागतो, आणि जुलैत पत्र्याच्या छपरावर पावसाचा मारा सुरू झाला की पहिल्या बाकापर्यंतही शब्द पोहोचत नाही. गोंगाटात बोलणाऱ्याचा आवाज नकळत चढतो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटनेने वर्गातील पार्श्वध्वनी ३५ डेसिबलपर्यंत असावा असे सुचवले आहे. पत्र्याखालच्या वर्गात ही अपेक्षा पावसाळाभर कागदावरच राहते. पूर्वेकडील माण-खटावच्या कोरड्या पट्ट्यात त्रासाचे रूप बदलते : उन्हाळ्यातील धूळ आणि डस्टर झटकताना उडणारी खडूची भुकटी यांनी घसा कोरडा पडतो, खोकला येतो, आणि वारंवार खाकरण्यानेही स्वरतंतूंवर आघात होतो.

पाणी पिण्याची सवय हा यातील सर्वांत दुर्लक्षित भाग होय. स्वरतंतूंवरील श्लेष्मल आवरण ओलसर राहण्यासाठी दिवसभर घोट-घोट पाणी पिणे आवश्यक असते; पण स्वच्छतागृह वापरण्याजोगे नसले किंवा वर्ग सोडून जाता येत नसले, तर अनेक शिक्षिका सकाळपासून पाणीच टाळतात. अशा वेळी घशासोबत मूत्रमार्गाच्या संसर्गाचीही जोखीम वाढते. दोष सवयीला देऊन येथे भागत नाही.

ज्येष्ठमध, खडीसाखर, मिठाच्या गुळण्या आणि हळद घातलेले दूध हे प्रचलित घरगुती उपाय आहेत. त्यांनी तात्पुरता आराम पडतो, मात्र ज्येष्ठमधाच्या अतिसेवनाने रक्तदाब वाढू शकत असल्याने उच्च रक्तदाब असलेल्यांनी ते नेहमी चघळू नये. आवाजाच्या त्रासाला खरा उतार पडतो तो वर्गाच्या मध्यभागी उभे राहून बोलण्याने, फळ्याकडे तोंड असताना न बोलण्याने, गोंधळ शमवण्यासाठी ओरडण्याऐवजी टाळी किंवा घंटा वापरण्याने आणि परिपाठातील सूचना आळीपाळीने दिल्याने. घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक राहिल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावी. गाठी लवकर लक्षात आल्या, तर स्वरोपचाराने (आवाज योग्य रीतीने वापरण्याच्या प्रशिक्षणाने) त्या बहुधा शस्त्रक्रियेविना बऱ्या होतात.

पोलंडमध्ये अतिवापराने होणारे काही स्वरविकार व्यावसायिक रोग मानले जातात. भारतात २०२५ पर्यंत लागू असलेल्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ च्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे व्यावसायिक रोगांच्या यादीत, गोंगाटाने आलेल्या श्रवणदोषाचा समावेश होता, शिक्षकांच्या स्वरविकाराचा नव्हता. त्यामुळे आवाज गेलेल्या शिक्षकासाठी साधी वैद्यकीय रजा हाच व्यवहारातील मार्ग उरत आला आहे.