भारत गृह रक्षा

भारतातील घरमालकांसाठीची प्रमाणित घरविमा पॉलिसी. विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या (इर्डाई) आदेशानुसार, आगीचा विमा विकणाऱ्या सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना १ एप्रिल २०२१ पासून ही पॉलिसी उपलब्ध ठेवणे बंधनकारक करण्यात आले. कंपनी कोणतीही असो, मूळ संरक्षण आणि अटी त्याच राहतात. हप्ता (प्रीमियम) मात्र वेगवेगळा असतो. त्याआधी घरांनाही ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’ (आग व इतर ठरावीक संकटांसाठीची) हीच सरसकट पॉलिसी दिली जाई. तिच्यात भूकंप आणि दहशतवादी कृत्य यांसाठी वेगळे पैसे मोजावे लागत. आता दोन्ही मूळ पॉलिसीतच आहेत.

ही पॉलिसी ठरावीक घटनांपासून संरक्षण देते. त्यामुळे दावा दाखल झाला की पहिला प्रश्न ‘नुकसान किती?’ हा नसतो, ‘कशामुळे?’ हा असतो. आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, जमीन खचणे, झाड किंवा वाहन घरावर आदळणे, दंगल, दहशतवाद, पाण्याची टाकी वा नळ फुटणे किंवा भरून वाहणे या यादीतल्या मुख्य घटना. यादीत ज्वालामुखी आणि क्षेपणास्त्र चाचणीही आहेत. डोंबिवलीकराने त्यांची फार चिंता करू नये. पूर, वादळ आणि दरड मात्र महाराष्ट्रात कागदावरच्या गोष्टी नाहीत. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर छपरे उडाली, २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या घराघरांत वाशिष्ठीचे पाणी शिरले आणि त्याच दिवशी महाडजवळच्या तळीये गावावर दरड कोसळली. अशा नुकसानीसाठीच ही पॉलिसी आहे.

बहुतेक वाद होतात ते ओलीवरून. पावसाळ्यात भिंतीला ओल आली, पोपडे सुटले, स्लॅबमधून पाणी झिरपू लागले, तर ती झीज आणि देखभालीचा अभाव मानली जाते. भरपाई मिळत नाही. वरच्या मजल्यावरची टाकी एका रात्री फुटून तुमचे छत आणि कपाटे भिजली, तर मात्र दावा मान्य होतो. पाणी तेच, पण टाकी फुटणे ही घटना आहे आणि झिरपणे ही सवय. विजेच्या उपकरणांबाबतही असाच बारकावा आहे. शॉर्टसर्किटने टीव्ही जळाला तर त्या टीव्हीचे पैसे नाहीत. पण त्याच ठिणगीने पडदा पेटला, पडद्यावरून आग सोफ्याला लागली, तर पडदा, सोफा आणि काळवंडलेली भिंत भरपाईत येतात. किनाऱ्याची किंवा नदीकाठाची धूप, नव्या बांधकामाला पडणाऱ्या नेहमीच्या भेगा, सदोष बांधकाम, युद्ध, आणि मालकाने जाणूनबुजून केलेले नुकसान हे सारे वगळलेले आहे.

चोरीबाबत हमखास गैरसमज असतो. कुलूप तोडून झालेली साधी घरफोडी मूळ पॉलिसीत येत नाही. आग, पूर यांसारखी संरक्षित घटना घडली, त्यामुळे घर उघडे पडले आणि सात दिवसांच्या आत सामान चोरीला गेले, तेवढीच चोरी धरली जाते. घरफोडीचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते.

विम्याची रक्कम घराच्या बाजारभावावर नाही, बांधकामाच्या खर्चावर ठरते. जमीन जळत नाही आणि वाहूनही जात नाही. समजा, ६५० चौरस फूट कार्पेट एरियाचा (भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेचा) फ्लॅट आहे आणि बांधकामाचा दर चौरस फुटाला २,५०० रुपये धरला. विमा रक्कम होते १६ लाख २५ हजार. हाच फ्लॅट बाजारात ९० लाखांना विकला जात असला तरी ९० लाखांचा विमा काढण्यात अर्थ नाही, कारण भरपाई पुन्हा बांधण्याच्या खर्चाचीच मिळणार. इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, पण कमाल १० लाख, इतके घरसामान वेगळी यादी न देता आपोआप संरक्षित होते. वरच्या उदाहरणात हा आकडा ३ लाख २५ हजार येतो. त्याहून जास्त सामान असेल तर तपशील देऊन रक्कम वाढवता येते. दागिने, चांदीची भांडी, चित्रे यांसाठी ऐच्छिक संरक्षण आहे. रोख रक्कम आणि वाहने यात येत नाहीत.

जुन्या पद्धतीत कमी रकमेचा विमा काढणाऱ्याला दुहेरी फटका बसे. २० लाखांच्या घराचा विमा १० लाखांचाच असेल, तर भरपाईही त्याच प्रमाणात निम्मी होई, म्हणजे ४ लाखांच्या नुकसानीवर २ लाखच हाती पडत. भारत गृह रक्षामध्ये ही कपात काढून टाकली आहे. क्षेत्रफळ वगैरे माहिती खरी असेल, तर विमा रकमेच्या मर्यादेत पूर्ण नुकसान मिळते. माझ्या मते या पॉलिसीतली सर्वांत मोठी सुधारणा हीच, आणि तिच्याबद्दल विकणारेही फारसे बोलत नाहीत. याशिवाय आर्किटेक्ट व सर्वेक्षकाच्या फीपोटी दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत, ढिगारा हलवायला २ टक्क्यांपर्यंत, आणि घर राहण्याजोगे नसताना पर्यायी जागेचे भाडेही मिळू शकते. पॉलिसी दहा वर्षांपर्यंतची घेता येते. दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत जाते.

गृहकर्ज घेताना बँक जो ‘लोन इन्शुरन्स’ पुढे करते तो बहुधा कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो; त्याने कर्ज फिटते, घर दुरुस्त होत नाही. घर तारण असेल तर घरविम्याच्या भरपाईवर पहिला हक्क बँकेचा. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (संस्थांच्या कारभाराच्या नमुना नियमांनुसार) संस्थेने इमारतीचा आग आणि भूकंप यांसाठी विमा उतरवायचा असतो. अनेक सभासद त्यावरच निर्धास्त असतात, पण त्या पॉलिसीत इमारत असते, तुमचा फ्रिज नसतो. संस्थेच्या पॉलिसीची प्रत सचिवांकडे मागितली, तर ती चालू आहे की गेल्या वर्षीच संपली, तेही कळते.

दाव्यासाठी कंपनीला लगेच कळवावे, साफसफाईआधी फोटो काढावेत आणि पुराच्या वेळी तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत जपून ठेवावी. दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, त्यानंतर विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येते. तिथे शुल्क लागत नाही.