शहरी उंदरांची समष्टी आनुवंशिकी

शहरी उंदरांची समष्टी आनुवंशिकी : शहरात माणसाच्या आश्रयाने राहणाऱ्या उंदरांच्या निरनिराळ्या वस्त्यांमध्ये जनुकांची पर्यायी रूपे, म्हणजे ॲलील, कोणत्या प्रमाणात आढळतात, ते प्रमाण पिढ्यानुपिढ्या कसे बदलते आणि एका वस्तीतली जनुके दुसऱ्या वस्तीत कितपत पोहोचतात, यांचा अभ्यास करणारी जीवविज्ञानाची शाखा. आपापसांत प्रजनन करणाऱ्या प्राण्यांच्या समूहाला समष्टी म्हणतात. ‘नागपुरात उंदीर फार झाले’ असे म्हणताना सगळ्या शहराचे उंदीर मिळून एकच समष्टी आहे असे बोलणाऱ्याने नकळत गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात ही समष्टी बहुधा एखाद्या मोहल्ल्याएवढी, कधी दोन-चार गल्ल्यांएवढीच असते आणि तिच्या सीमा महानगरपालिकेच्या प्रभागांशी क्वचितच जुळतात.

प्रजातींचा प्रश्न : या विषयावरचे बहुतेक गाजलेले अभ्यास तपकिरी उंदरावर, म्हणजे रॅटस नॉर्व्हेजिकस या प्रजातीवर, झालेले आहेत. हा प्राणी मूळचा उत्तर चीन व मंगोलिया या भागातला. अठराव्या शतकात तो युरोपभर पसरला आणि तेथून जहाजांतून अमेरिकेत गेला. भारतात तो मुख्यतः बंदरांत आणि किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरांत आढळतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या नागपूरसारख्या शहरात घरातला नेहमीचा उंदीर म्हणजे घरउंदीर, रॅटस रॅटस. आणि नाल्यांच्या काठी, गोदामांच्या जोत्याखाली, अंगणातल्या मातीत बिळे करणारी ती घूस. घुशीच्याही दोन प्रजाती आहेत : लहान घूस, बँडिकोटा बेंगालेन्सिस, आणि मोठी घूस, बँडिकोटा इंडिका. शास्त्रीय नावातला ‘बँडिकोटा’ हा शब्द तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’, म्हणजे डुक्कर-उंदीर, या शब्दावरून आला आहे. घुशीचा गुरगुराट ऐकलेल्याला हे नाव पटावे. रात्री भिंतीच्या कडेने चिर्र करीत जाणारी चिचुंद्री मात्र उंदीरवर्गातली नाही. ती कीटकभक्षी असल्याने या हिशेबात तिला धरू नये.

हा फरक केवळ नावापुरता नाही. तपकिरी उंदराच्या पेशीत ४२ गुणसूत्रे असतात, भारतीय घरउंदराच्या पेशीत ३८. त्यांचा संकर होत नाही, मग त्यांच्या समष्ट्या एकाच गल्लीत राहूनही जनुकांच्या दृष्टीने पूर्णपणे वेगळ्या असतात. सवयीही निराळ्या. तपकिरी उंदीर आणि घूस जमिनीला धरून राहतात व बीळ खणतात. घरउंदीर चढणारा आहे : माळा, कवेलूंचे छप्पर, दोन इमारतींमध्ये लोंबणाऱ्या तारा हे त्याचे रस्ते. त्यामुळे रहदारीचा रुंद रस्ता घुशीला भिंतीसारखा ठरेल, तर वरून केबल गेलेली असल्यास घरउंदराला तो ठरेलच असे नाही. परदेशी शहरांतले निष्कर्ष आपल्याकडे जसेच्या तसे लावण्याची घाई होते तेव्हा नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

आणखी एक भेद इतिहासाचा आहे. काळ्या उंदरांच्या, म्हणजे घरउंदीर ज्यात येतो त्या, गटाची पेशींतल्या तंतुकणिकांतील डीएनएच्या आधारे २०११ मध्ये झालेली तपासणी या गटात सहा वंशशाखा दाखवते, आणि जहाजांबरोबर युरोप, आफ्रिका व अमेरिकेत पोहोचलेली शाखा ही भारतीय उपखंडातली आहे. प्राचीन हाडांतील डीएनएवरून २०२२ मध्ये असेही दिसून आले की हा उंदीर युरोपात निदान दोनदा, रोमन काळात आणि पुन्हा मध्ययुगात, जाऊन स्थिरावला. न्यूयॉर्कचा तपकिरी उंदीर तिथे पाहुणा म्हणून आला आणि मोजक्या पूर्वजांपासून वाढला. नागपूरचा घरउंदीर आपल्या उपखंडातच आहे. मोजक्या स्थलांतरितांपासून उभ्या राहिलेल्या समष्टीत जनुकीय वैविध्य कमी असते, मूळ प्रदेशात ते जास्त असते, हा या शास्त्रातला सर्वसाधारण नियम आहे.

परिणामक समष्टी आणि विचलन : उंदराची गर्भावस्था २१ ते २३ दिवसांची असते, पिले सुमारे तीन महिन्यांत जननक्षम होतात, आणि वर्षात तीन-चार पिढ्या सहज होतात. त्यामुळे जे बदल हत्तींमध्ये दिसायला शतके लागतील ते उंदरांत एका नगरसेवकाच्या कार्यकाळात दिसू शकतात. मात्र एकूण संख्या आणि परिणामक संख्या यांत फरक केला पाहिजे. परिणामक संख्या म्हणजे पुढच्या पिढीला खरोखर जनुके देणाऱ्या प्राण्यांचा हिशेब, आणि ती नेहमीच्या सरासरीने नव्हे तर हरात्मक सरासरीने, म्हणजे जीत लहान आकड्यांचे वजन जास्त पडते अशा सरासरीने, ठरते. एखाद्या बाजारात दोन पिढ्या २०० उंदीर प्रजनन करीत होते आणि विषप्रयोगानंतरच्या पिढीत १० उरले, तर तीन पिढ्यांची साधी सरासरी सुमारे १३७ येते, पण परिणामक संख्या सुमारे २७ च भरते. त्या एका वाईट पिढीचा ठसा पुढे उंदीर पुन्हा शेकड्यांनी वाढले तरी पुसला जात नाही. केवळ योगायोगाने ॲलीलांचे प्रमाण बदलत जाणे, म्हणजे जनुकीय विचलन, लहान समष्टीत वेगाने होते : १० उंदरांच्या समष्टीत दर पिढीला विषमयुग्मकतेचा, म्हणजे आई व बापाकडून वेगवेगळे ॲलील मिळण्याच्या शक्यतेचा, विसावा भाग नष्ट होतो, १०० उंदरांच्या समष्टीत दोनशेवा.

विचलन वस्त्यांना एकमेकींपासून दूर नेते; जनुकप्रवाह, म्हणजे एका वस्तीतली जनुके दुसरीत पोहोचणे, त्यांना जवळ आणतो. जवळच्या वस्त्या सारख्या आणि लांबच्या भिन्न, या ‘अंतराने येणाऱ्या विलगते’ची मांडणी अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ स्यूअल राइट यांनी १९४३ मध्ये केली. दोन वस्त्यांमध्ये दर पिढीला सरासरी एक स्थलांतरित प्राणी जरी पुढे प्रजनन करू शकला, तरी त्या वस्त्या फारशा वेगळ्या पडत नाहीत, हाही त्यांच्याच गणितातून निघालेला निष्कर्ष होय. त्यात वस्तीच्या आकाराचा संबंध येत नाही, हे प्रथम वाचणाऱ्याला चमत्कारिक वाटते.

शहरांतील अभ्यास : न्यूयॉर्कमधील फोर्डम विद्यापीठाच्या संशोधकांनी मॅनहॅटन बेटावरच्या २६२ तपकिरी उंदरांचा जनुकीय नकाशा २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. बेटाच्या उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे उंदीर वेगळे ओळखू येत होते, आणि मधला, कार्यालये व हॉटेलांचा, घरगुती कचरा कमी असलेला पट्टा हा त्यांच्यामधला अंशतः अडसर होता. बहुतेक उंदीर जन्मस्थानापासून सुमारे २०० मीटरच्या आतच राहत होते. मोजके मात्र दोन किलोमीटरपर्यंत गेलेले आढळले. बाल्टिमोरमध्ये त्याआधी, २००९ मध्ये, जोन्स फॉल्स हा जलमार्ग शहराच्या पूर्व व पश्चिम बाजूंच्या उंदरांना विभागतो असे दिसले होते. न्यूयॉर्क, न्यू ऑर्लिन्स, व्हँकुव्हर आणि ब्राझीलमधील साल्व्हादोर या चार शहरांची तुलना झाली तेव्हा कुठे जलमार्ग, कुठे मोठे रस्ते असे अडसर निघाले. प्रत्येक शहराची घडण आपली छाप उंदरांच्या जनुकांवर उमटवते. साल्व्हादोरच्या झोपडपट्टीत उंदीर-नियंत्रण मोहिमेनंतर उरलेले उंदीर तपासले असता परिणामक संख्या प्रचंड घसरल्याचे २०१९ मध्ये दाखवण्यात आले. मोहीम यशस्वी झाली की नाही, हे केवळ मेलेले उंदीर मोजून कळत नाही. पुढे दिसणारे उंदीर वाचलेल्यांची संतती आहेत की शेजारून आलेले, हे डीएनए सांगतो.

निवड : विचलन आणि प्रवाह हे योगायोगाचे खेळ झाले, विष आणि रोग मात्र निवड करतात. याचे एक जुने उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला आणि पुढची अनेक वर्षे उंदीर व त्यांच्यावरच्या पिसवांमार्फत तो देशभर पसरत राहिला. १९३० च्या दशकात मुंबईच्या हाफकिन संस्थेत निरनिराळ्या शहरांतले उंदीर तपासले गेले, तेव्हा प्लेगने वारंवार होरपळलेल्या शहरांतले उंदीर त्या जंतूला बरेच दाद देईनासे झालेले आढळले, तर जिथे प्लेग फारसा नव्हता त्या मद्राससारख्या शहरातले उंदीर सहज मरत. रक्त पातळ करणाऱ्या विषांचेही तसेच झाले. वॉरफरिन या अशाच विषाला न जुमानणारे तपकिरी उंदीर स्कॉटलंडमध्ये १९५८ मध्ये आढळले. त्यामागे के जीवनसत्त्वाच्या पुनर्वापराशी संबंधित एका जनुकातील बदल असतात, हे २००४ मध्ये उलगडले. आपल्याकडे दुकानात मिळणारे ब्रोमॅडिओलोन याच कुळातले, पण पुढच्या पिढीचे विष आहे. झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या उंदीरनाशकाची क्रिया मात्र निराळी. एखाद्या वस्तीत असा प्रतिकारक ॲलील आला तर तो शहरभर किती वेगाने जाईल, हे वस्त्यांमधल्या जनुकप्रवाहावरच अवलंबून राहते.

नमुने : उंदीर पिंजऱ्यात धरून कानाचा किंवा शेपटीच्या टोकाचा लहानसा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवतात आणि पकडल्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवतात. पूर्वी डझन-दोन डझन मायक्रोसॅटेलाइट, म्हणजे डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे, पाहत. आता डीएनएतले हजारो एकाक्षरी बदल एकदम वाचता येतात. खरी अडचण प्रयोगशाळेत नसून पोत्यांमागे आहे : इतवारीच्या किराणा ओळीत शेंगदाण्याच्या एका थप्पीमागे लावलेल्या पिंजऱ्यांत आठवड्याभरात सहा तरुण उंदीर सापडले, तर ते सहाही एकाच विणीची भावंडे असू शकतात, आणि त्यांना सहा स्वतंत्र नमुने मानले तर ती ओळ शेजारच्या ओळीपासून फारच वेगळी असल्याचा भास होतो. म्हणून जवळचे नातलग ओळखून हिशेबातून वगळावे लागतात.

नागपूरची मांडणी : असा नकाशा नागपूरचा काढायचा तर पहिली रेषा रेल्वेची धरावी लागेल. १८६७ मध्ये आलेला लोहमार्ग सीताबर्डीला इतवारी-महालपासून तोडतो आणि माणसांनाही लोहापूल किंवा रामझुल्यासारख्या मोजक्या ठिकाणीच पलीकडे जाता येते. दुसरी रेषा नाग नदीची. अंबाझरीकडून पूर्वेला वाहताना ती दोन्ही काठांच्या वस्त्यांना विभागते, पण काठाकाठाने, गडरलाइनच्या, म्हणजे सांडपाण्याच्या नळांच्या, तोंडांशी, घुशींना सलग अधिवासही देते. म्हणजे आडवा अडसर आणि उभा मार्ग अशी दोन्ही कामे तिच्याकडून अपेक्षित आहेत. पूर आल्यावर हे चित्र विस्कटते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेच्या पावसात नाग नदी घरांत शिरली तशी ती काठावरच्या बिळांतही शिरली असणार. अशा वेळी काही बिळे ओस पडतात, उरलेले प्राणी विखुरतात, आणि नंतर रिकाम्या जागी कोण येऊन वसते यावर तिथली पुढची जनुकीय घडण ठरते.

रेषांना छेद देणारे मार्ग माणूस तयार करतो. कळमना बाजारात संत्र्याच्या आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांत खेड्यांतून गाड्या येतात, आणि धान्याच्या पोत्यांबरोबर, गवताच्या पेंढ्यांतून उंदीरही शेतातून बाजारात, बाजारातून दुकानात पोहोचतात. बाजारांजवळच्या वस्त्यांत वैविध्य अधिक असावे, असा अंदाज यावरून बांधता येतो.

यापेक्षा घरगुती मार्गही आहे. भज्याचा तुकडा लावलेल्या तारेच्या पिंजऱ्यात रात्री उंदीर अडकला की पुष्कळ घरांत त्याला मारत नाहीत; सकाळी पिंजरा पिशवीत घालून, स्कूटरच्या पायाशी ठेवून, पुलापलीकडच्या मोकळ्या जागेत तो सोडून येतात. अनोळखी जागी सोडलेल्या उंदराला बिळाची वाट माहीत नसते, तिथले उंदीर त्याला हुसकावतात आणि मांजरी-कुत्र्यांच्या तावडीत तो लवकर सापडतो, म्हणून अशा बहुतेक स्थलांतरांची नोंद जनुकांत राहत नाही. पण राइट यांच्या हिशेबाला बहुतेकांची गरज नसते : साधारण तीन-चार महिन्यांतून एखादी गाभण मादी जरी पलीकडे टिकून वीण घालू शकली, तर दोन काठांवरच्या वस्त्या जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकच दिसू लागतील.