स्टॅटिनचे नॅनोग्रॅम आणि जड हायड्रोजनची खूण

दहा हजार लिटरचे शंभर टँकर पाण्याने भरले आणि त्या सगळ्या पाण्यात मिळून एक ग्रॅम पावडर विरघळवली, तर प्रत्येक मिलिलिटरमध्ये एक नॅनोग्रॅम पावडर येईल. कोलेस्टेरॉलसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या अ‍ॅटोरव्हास्टॅटिन या स्टॅटिन गटातल्या औषधाचे रक्तातले प्रमाण याच पातळीवरचे असते. गोळी घेतल्यावर एक-दोन तासांत ते मिलिलिटरला काही नॅनोग्रॅमपर्यंत चढते आणि मग उतरत जाते. अर्धे औषध जायला सुमारे १४ तास लागतात. हा उतार शेवटपर्यंत मोजायचा, तर मिलिलिटरला ०.१ नॅनोग्रॅम इतके औषधही विश्वासाने पकडता आले पाहिजे. तेही निव्वळ पाण्यात नाही. प्रथिने, क्षार आणि स्निग्ध पदार्थांनी दाट झालेल्या प्लाझ्मात (रक्तपेशी काढल्यावर उरणाऱ्या द्रवात) ते शोधायचे असते.

नवी जेनेरिक गोळी मूळ गोळीच्या बरोबरीची आहे का, हे याच मोजमापावर ठरते. दोन्ही गोळ्यांच्या रक्तातल्या सर्वोच्च पातळीचे आणि वेळेनुसार काढलेल्या तिच्या आलेखाखालच्या क्षेत्रफळाचे गुणोत्तर, त्याच्या ९० टक्के विश्वास-मर्यादेसह, ८० ते १२५ टक्क्यांच्या पट्ट्यात बसावे लागते. मोजणीतच दहा-पंधरा टक्के डळमळ असेल तर चांगली गोळी नापास होऊ शकते.

ही डळमळ काढायला प्रयोगशाळा औषधाचेच ‘खूण केलेले’ रूप वापरतात. धान्याच्या पोत्यात आधीच मोजून शंभर रंगवलेले दाणे टाकले आणि पोते नीट ढवळले, तर वाटेत थोडे धान्य सांडले तरी बिघडत नाही. साधे आणि रंगीत दाणे सारख्याच प्रमाणात सांडतात. हातात उरलेल्या मुठीत दोघांचे गुणोत्तर पाहिले की मूळ पोत्यात किती धान्य होते ते सांगता येते. समजा, यंत्रात औषधाचा संकेत १,००,००० आला आणि खुणेच्या रेणूचा ५०,०००, तर गुणोत्तर २. प्रक्रियेत तीस टक्के माल गळाला तर संकेत ७०,००० आणि ३५,००० होतील, गुणोत्तर मात्र २ च राहील. या खुणेच्या रेणूला इंटर्नल स्टँडर्ड म्हणतात. सगळी भिस्त एका अटीवर आहे: रंगीत दाणा रंग सोडून बाकी सगळ्यात साध्या दाण्यासारखाच वागला पाहिजे. ड्यूटेरियमची खूण ही अट बहुतेक वेळा पाळते. कधी पाळत नाही, हे समजले की या विषयातले निम्मे कौशल्य हाती येते.

ड्यूटेरियम म्हणजे अणुकेंद्रात एक न्यूट्रॉन जास्त असलेला हायड्रोजन. तो किरणोत्सारी नाही. निसर्गात साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक ड्यूटेरियम असतो. हॅरल्ड युरी यांनी तो १९३१ मध्ये शोधला. चारच वर्षांनी, १९३५ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात रुडॉल्फ शोनहायमर आणि डेव्हिड रिटेनबर्ग यांनी ड्यूटेरियमयुक्त चरबी उंदरांना खाऊ घालून तिचा शरीरातला प्रवास शोधला. थोडक्यात, ड्यूटेरियमची खूण जैवरसायनात आली तीच स्निग्ध पदार्थांच्या वाटेने. हे ड्यूटेरियम मुळात जड पाण्यातून मिळते. अलिबागजवळ थळ इथे जड पाण्याचा कारखाना १९८७ पासून चालू आहे. तिथे अमोनिया आणि हायड्रोजन यांच्यातल्या अदलाबदलीने ड्यूटेरियम गोळा केले जाते.

अ‍ॅटोरव्हास्टॅटिनच्या रेणूला एक प्रोटॉन चिकटला की वस्तुमान-वर्णपटमापीत (रोजच्या भाषेत मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये) तो ५५९ या वस्तुमानावर दिसतो. वायूचे अणू आदळून तो फोडला की त्याच्या एका टोकाचे फिनाइल आयसोसायनेट, वजन ११९, गळून पडते आणि ४४० चा तुकडा उरतो. यंत्र ‘५५९ आत, ४४० बाहेर’ ही जोडी पाहते. पाच ड्यूटेरियम असलेल्या डी५ रूपाची जोडी ५६४ आणि ४४५. पण या दुसऱ्या आकड्यातच एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. या रेणूत दोन साधी फिनाइल कडी आहेत: एक मधल्या पायरोल कड्याला जोडलेले, दुसरे टोकाच्या अमाइडवर. पाचही ड्यूटेरियम पहिल्या कड्यावर असतील तर तुकड्याबरोबर तेही टिकतात आणि ४४५ दिसते. ते टोकाच्या कड्यावर असतील तर तेच गळून जातात आणि तुकडा पुन्हा ४४० चाच मिळतो. मग औषध आणि खूण दोघांचा शेवटचा तुकडा एकच. टक्कर-कक्ष, म्हणजे रेणू फोडण्याची जागा, एका मापनानंतर पूर्ण रिकामा व्हायच्या आत दुसरे सुरू झाले, तर एकाचा संकेत दुसऱ्यात मिसळू शकतो. फेनोफायब्रिक अ‍ॅसिड या रक्तातली चरबी घटवणाऱ्या औषधाच्या डी६ रूपात हेच होते. दोन मिथाइल गटांवरचे सहा ड्यूटेरियम फोडणीत निघून जातात आणि साधे व जड दोन्ही रेणू २३१ चाच तुकडा देतात. म्हणून बाटली विकत घेताना ‘डी५’ एवढ्यावर थांबू नये, कोणत्या कार्बनवर ते पाच आहेत हे रचनेच्या चित्रात पाहावे.

प्रयोगशाळेतले काम असे चालते. रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत घेऊन लगेच बर्फात ठेवतात, ४ अंश सेल्सियसला सेंट्रिफ्यूज करून (वेगाने गरगर फिरवून) प्लाझ्मा वेगळा काढतात आणि उणे ७० अंशांना गोठवतात. स्टॅटिन प्रकाशाला नाजूक असल्याने खोलीत पिवळे दिवे असतात. मोजणीच्या दिवशी प्लाझ्मा बर्फावरच वितळवायचा. २०० मायक्रोलिटर प्लाझ्मात १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ताकदीचे डी५ द्रावण २० मायक्रोलिटर टाकायचे. म्हणजे २ नॅनोग्रॅम खूण, प्लाझ्माच्या हिशेबात मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम. इथे घाई नडते. रक्तातले अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ९८ टक्क्यांहून अधिक प्रथिनांना चिकटलेले असते, तर आत्ताच टाकलेली खूण मोकळी असते. दोघांना एकाच अवस्थेत यायला व्होर्टेक्स या ढवळणी-यंत्रावर नीट ढवळून काही मिनिटे द्यावी लागतात. नाहीतर द्रावक मोकळ्या खुणेला आधी ओढून घेतो, बांधलेले औषध मागे राहते आणि गुणोत्तर खोटे कमी येते. मग पीएच ४.५ च्या आसपासचा अमोनियम अ‍ॅसिटेट बफर, त्यावर मिलिलिटरभर एमटीबीई किंवा इथाइल अ‍ॅसिटेट हे द्रावक, पुन्हा ढवळणे, सेंट्रिफ्यूज. वरचा थर नायट्रोजनच्या झोतात, कोमटपेक्षा जास्त तापू न देता, वाळवायचा, १०० मायक्रोलिटर द्रावणात उचलायचा आणि त्यातले १० मायक्रोलिटर सी१८ स्तंभावर (रेणूंना तेलकटपणानुसार वेगळे करणाऱ्या नळीवर) सोडायचे.

पीएच ४.५ च का, याचे उत्तर स्टॅटिनच्या स्वभावात आहे. स्टॅटिन दोन रूपांत वावरते: उघड्या साखळीचे आम्ल आणि साखळी वळून बंद झालेले लॅक्टोन. प्लाझ्माच्या नैसर्गिक, किंचित अल्कधर्मी पीएचला आणि खोलीच्या तापमानाला लॅक्टोन उलगडून आम्ल होते. पीएच फार खाली नेला तर उलट, आम्ल मिटून लॅक्टोन होते. साडेचार-पाचच्या आसपास दोन्ही क्रिया मंद असतात. सिमव्हास्टॅटिनमध्ये हा प्रश्न सर्वांत तीव्र आहे, कारण गोळीतच लॅक्टोन असते आणि शरीरात काम करते ते आम्ल. नळी अर्धा तास बर्फाबाहेर राहिली तर ‘शरीरात किती आम्ल तयार झाले’ या प्रश्नाच्या उत्तरात नळीत तयार झालेले आम्लही मोजले जाते. इंटर्नल स्टँडर्ड ही चूक झाकू शकत नाही. खूण टाकण्याच्या आधी जे घडून गेले, त्याची तिला खबरच नसते. हा मुद्दा नवशिके हमखास विसरतात.

यंत्राच्या आतही हे नाटक चालू राहते. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन आम्लाचा आयन तयार होतानाच पाण्याचा एक रेणू गमावून ५४१ वर दिसू शकतो आणि खऱ्या लॅक्टोनचे वजनही ५४१ च असते. खुणेचेही तसेच: आम्लाचे डी५ रूप ५४६ वर घसरते आणि लॅक्टोनच्या डी५ चा आव आणते. म्हणून दोन्ही रूपे स्तंभावर वेगवेगळ्या वेळी बाहेर पडली पाहिजेत, वस्तुमानावर विसंबून चालत नाही. सिमव्हास्टॅटिनमध्ये गाठ आणखी घट्ट आहे. लॅक्टोन अमोनियम धरून ४३६ वर येते, आम्ल प्रोटॉन धरून ४३७ वर. लॅक्टोनमधल्या २५ कार्बनांपैकी एखादा कार्बन-१३ (एका एककाने जड कार्बन) निघाला की लॅक्टोनही ४३७ वर हजर, तेही चौथ्या हिश्श्याहून अधिक ताकदीने. त्यामुळे बरेच जण आम्ल ऋण आयनाच्या पद्धतीने, ४३५ ते ३१९ या जोडीवर, मोजतात. एक साधी तपासणी इथे फार उपयोगी पडते: कोऱ्या प्लाझ्मात फक्त आम्लाची खूण टाकायची, सगळी प्रक्रिया करायची आणि लॅक्टोनच्या खुणेच्या वाहिनीत (तिच्या वस्तुमानाच्या जोडीवर) काही उगवते का ते पाहायचे. जे उगवेल तेवढे रूपांतर तुमच्या हातून झाले.

आता खुणेच्या शुद्धतेचा हिशेब. प्रमाणपत्रावर ‘९८ टक्के ड्यूटेरियम’ लिहिलेले असते आणि वाचणारा निश्चिंत होतो. पाचही जागी स्वतंत्रपणे ९८ टक्के धरले तर पूर्ण डी५ रेणू ९० टक्के, डी४ सुमारे ९ टक्के आणि एकही ड्यूटेरियम नसलेला डी० नगण्य. ९ टक्के डी४ मुळे काही बिघडत नाही. पण संश्लेषणात साधे, खूण नसलेले कच्चे द्रव्य मिसळले गेले असेल तर डी० थेट येतो, आणि तो म्हणजे आपले औषधच. आपण प्लाझ्मात मिलिलिटरला १० नॅनोग्रॅम खूण टाकतो. तिच्यात अर्धा टक्का डी० असेल तर प्रत्येक नमुन्यात ०.०५ नॅनोग्रॅम औषध आपणच टाकले, ज्याने कधी गोळी घेतली नाही त्याच्याही नमुन्यात. आयसीएच एम१० या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेप्रमाणे कोऱ्या नमुन्यातला असा संकेत, मोजता येणाऱ्या सर्वांत कमी पातळीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. ०.१ नॅनोग्रॅमसाठी ही मर्यादा ०.०२ येते. म्हणजे डी० हा ०.२ टक्क्यांच्या आत हवा. नसेल तर खूण कमी टाकावी किंवा बाटली बदलावी. बॅच बदलली की हा हिशेब नव्याने करावा.

खूण रेणूवर कायम राहते का, हेही बघावे लागते. ऑक्सिजन किंवा नायट्रोजनवरचा ड्यूटेरियम पाण्यात क्षणात साध्या हायड्रोजनशी अदलाबदल करतो, म्हणून तिथे खूण ठेवतच नाहीत. कार्बोनिल गटाच्या (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या) शेजारच्या कार्बनवरची खूण अल्कधर्मी द्रावणात हळूहळू निसटते. फिनाइलसारख्या सुगंधी (अ‍ॅरोमॅटिक) कड्यावरची किंवा एकाकी मिथाइल गटावरची खूण सामान्य परिस्थितीत पक्की असते. खात्रीसाठी खूण बफरमध्ये आणि प्लाझ्मात दिवसभर ठेवून डी० वाढतो का ते पाहतात.

जितके ड्यूटेरियम जास्त तितकी खूण चांगली, असे वाटते. ते खरे नाही. कार्बन-ड्यूटेरियम बंध किंचित आखूड असतो, रेणूची तेलकट द्रावकाशी जवळीक जराशी कमी होते आणि सी१८ स्तंभावरून जड रेणू साध्याच्या थोडा आधी, मिनिटाच्या काही शतांशांनी, बाहेर पडतो. ड्यूटेरियम वाढेल तसे हे अंतर वाढते. त्या शतांशांत प्लाझ्मातले फॉस्फोलिपिड हे स्निग्ध पदार्थ बाहेर पडत असतील तर ते एकाचा संकेत दुसऱ्यापेक्षा जास्त दाबतात आणि दाण्यांची उपमा मोडते. कार्व्हेडिलॉल या रक्तदाबाच्या औषधाच्या डी५ खुणेबाबत हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात स्पष्ट दिसले होते: काही विशिष्ट प्लाझ्मांत गुणोत्तरच सरकत होते. लिपिड घटवणाऱ्या औषधांच्या अभ्यासात हा धोका मुळातच मोठा, कारण रुग्णाचा प्लाझ्मा दुधाळ, स्निग्धाने भरलेला असू शकतो. निदान सहा वेगवेगळ्या माणसांच्या प्लाझ्मावर पद्धत तपासायचा नियम आहे. त्यांत दुधाळ प्लाझ्मा मुद्दाम घ्यावा आणि फॉस्फोलिपिडांचा १८४ वस्तुमानाचा संकेत शेजारी लावून तो कुठे येतो ते पाहावे. उपाय दोन: स्तंभातून वाहणाऱ्या द्रावकाचे प्रमाण वाढवण्याचा वेग (चढ) बदलून फॉस्फोलिपिड दूर सारावेत, किंवा दोन्ही रेणू पुन्हा एकत्र येतील असा कमी काटेकोर स्तंभ घ्यावा. कार्बन-१३ ची खूण असे सरकत नाही, पण ती घडवायला बराच जास्त खर्च येतो.

आतापर्यंत खूण नळीतच होती. ती माणसाला देऊनही फार सुंदर प्रयोग होतो. तोंडाने घेतलेल्या औषधाचा किती भाग रक्ताभिसरणात पोचतो, हे काढायला एरवी गोळी आणि इंजेक्शन वेगवेगळ्या दिवशी देतात आणि मधल्या काळात शरीर बदलते. त्याऐवजी साधी गोळी तोंडाने आणि जड रूप शिरेतून एकाच वेळी दिले, तर एकाच नमुन्यात दोन्ही आलेख मिळतात. ही कल्पना १९७५ मध्ये एन-अ‍ॅसिटिलप्रोकेनामाइड या औषधावर पहिल्यांदा वापरली गेली. उदाहरणादाखल आकडे घेऊ: गोळी ४० मिलिग्रॅम, तिच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ ८०, शिरेतून ०.१ मिलिग्रॅम, क्षेत्रफळ १.४. मात्रेनुसार भागले की ८० गुणिले ०.१ भागिले (१.४ गुणिले ४०), म्हणजे सुमारे १४ टक्के. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची जैवउपलब्धता, म्हणजे रक्ताभिसरणात पोचणारा हा भाग, खरोखरच इतकी कमी आहे. रोझुव्हास्टॅटिनची सुमारे २० टक्के, सिमव्हास्टॅटिनच्या आम्लाची ५ टक्क्यांहूनही कमी.

या प्रयोगात मात्र किती ड्यूटेरियम हवेत याचे उत्तर बदलते. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनमध्ये ३३ कार्बन आहेत. नैसर्गिक कार्बन-१३ आणि ऑक्सिजन-१८ मुळे साध्या औषधाचाच साधारण एक टक्का भाग तीन एककांनी जड असतो. रक्तात गोळीचे २० नॅनोग्रॅम असतील तर डी३ च्या जागेवर ०.२ नॅनोग्रॅमची सावली पडते. ०.१ मिलिग्रॅमचे इंजेक्शन शरीरात ३८० लिटरच्या वितरण-आकारमानात (औषध जणू जेवढ्या द्रवात पसरते त्या आकारमानात) पसरले की त्याची पातळीच मिलिलिटरला ०.२६ नॅनोग्रॅमच्या आसपास, आणि मग ती उतरतच जाते. सावलीत खरे माणूस दिसेनासे होते. डी५ घेतले तर हीच सावली ०.०२ टक्क्यांच्या आत, म्हणजे ०.००४ नॅनोग्रॅमच्या खाली येते. तरीही यंत्राची ०.१ ची मर्यादा इथे पुरत नाही. ती वीसेक पट खाली न्यावी लागते किंवा शिरेतली मात्रा वाढवावी लागते.

शिवाय इथे खुणेने शरीराचे वागणे बदलता कामा नये. ड्यूटेरियमचा बंध तोडायला जास्त ऊर्जा लागते, म्हणून यकृतातले एन्झाइम जिथे हल्ला करते तिथेच तो बसला तर औषध जास्त काळ टिकू शकते. २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले ड्यूटेट्राबेनाझिन हे औषध याच परिणामाचा मुद्दाम फायदा घेऊन बनवलेले आहे. तिथे जो गुण, तो मोजणीत दोष. अ‍ॅटोरव्हास्टॅटिनवर सीवायपी३ए४ हे एन्झाइम टोकाच्या अमाइडच्या कड्यावर, ऑर्थो आणि पॅरा (जोडाच्या शेजारच्या आणि समोरच्या) जागी, हायड्रॉक्सिल बसवते. खूण त्या कड्यावर असेल तर एक ड्यूटेरियम काही रेणूंतून जातो, काहींत शेजारच्या कार्बनवर सरकून टिकतो, आणि चयापचयाने बनलेल्या रेणूंचे वजन एकसारखे राहत नाही. पायरोलला जोडलेल्या कड्यावरची खूण या घडामोडीपासून लांब राहते, फोडणीतही टिकते आणि ४४५ चा तुकडा देते. नळीतल्या कामालाही तीच योग्य होती, माणसाला देण्यासाठीही तीच मागवावी.