मालक कोण, या प्रश्नातून आलेला माथाडी कायदा

डोक्यावर गोणपाटाची खोळ ओढून हमाल ट्रकच्या फाळक्याला पाठ लावून उभा राहतो, वरचे दोघे पोते त्याच्या पाठीवर सोडतात आणि तो वाकलेल्या स्थितीतच गाळ्यापर्यंतची फळी चढतो. मुंबईत मशीद बंदरच्या दाणाबंदरात, पुण्याच्या भवानी पेठेत आणि नाना पेठेत हे दृश्य पिढ्यान्‌पिढ्या रोजचेच होते, आणि पोते बहुधा शंभर किलोचे असे. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या भागांतील कोरडवाहू गावांतून आलेली ही माणसे गावकीच्या खोल्यांत दाटीवाटीने राहत आणि एखाद्या मुकादमाच्या टोळीत काम करत. त्यांच्या हक्कांचा इतिहास पाहताना एक प्रश्न सतत समोर येतो : या माणसाचा मालक कोण?

गिरणी कामगारापुढे हा प्रश्न नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळवली, तेव्हा मागणी कोणाकडे करायची हे ठाऊक होते. १९२६ च्या कायद्याने कामगार संघटनांच्या नोंदणीला कायदेशीर आधार दिला, १९४७ मध्ये औद्योगिक विवाद कायदा झाला. परंतु या सगळ्याच्या मुळाशी मालक आणि नोकर हे नाते गृहीत धरलेले होते. हमाल सकाळी एका पेढीचा माल उतरवी, दुपारी दुसरीचा, संध्याकाळी एखाद्या ट्रान्सपोर्टवाल्याचा. अंगावर पोते पडून कंबर मोडली, तर व्यापारी गाडीमालकाकडे बोट दाखवी, गाडीमालक मुकादमाकडे, आणि मुकादम हात वर करी. हजेरीपट नाही, म्हणून भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी सुटीही नाही. माझ्या मते कमी मजुरीइतकाच हा बेवारसपणा त्यांच्या हलाखीला कारणीभूत होता.

गोदी कामगारांच्या बाबतीत या कोंडीवर एक तोडगा आधीच निघाला होता. १९४८ च्या केंद्रीय कायद्यानुसार मुंबईच्या गोदीत मंडळ स्थापन झाले आणि रोजंदारीवरील गोदी कामगाराची नोंद मंडळाकडे होऊ लागली. बाजारातील हमालाला मात्र हे मिळण्यासाठी आधी संघटित व्हावे लागले. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायत उभी राहिली. मुंबईत पाटण तालुक्यातून आलेले आणि स्वतः हे कष्ट उपसलेले अण्णासाहेब पाटील यांनी माथाडी, म्हणजे डोक्या-पाठीवर ओझी वाहणाऱ्या, कामगारांची युनियन बांधली. संप, मोर्चे आणि वाटाघाटी यांच्या रेट्यामुळे सरकारने समिती नेमली आणि अखेर १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा संमत झाला. व्यापारी, कामगार आणि सरकार अशा तिघांच्या प्रतिनिधींचे मंडळ ही या कायद्याची मुख्य तरतूद.

त्याची कार्यपद्धती समजून घेण्यासारखी आहे. व्यापारी आणि हमाल दोघांचीही नोंद मंडळाकडे होते. व्यापारी मजुरी टोळीच्या हातावर ठेवत नाही. ती मंडळात भरतो आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही भरतो. मंडळ मजुरी कामगाराला देते आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, सुटीचा पगार व औषधोपचार यांची तजवीज करते. एका दिवसात पाच पेढ्यांवर काम केले तरी पाचही ठिकाणची मजुरी एकाच खात्यावर चढते. मालक कोण, हा प्रश्न न सोडवताच कायद्याने मालकाची जबाबदारी सगळ्या बाजारावर मिळून टाकली. ही कल्पना मला आजही अत्यंत बुद्धिमान वाटते. पुढे १९८१ मध्ये महाराष्ट्रातच खासगी सुरक्षारक्षकांसाठी याच धर्तीवर कायदा झाला.

तथापि कायदा झाला म्हणजे हक्क पदरात पडला, असे घडले नाही. प्रत्येक बाजारासाठी योजना लागू करून घेणे, मजुरीचे दर दर काही वर्षांनी वाढवून घेणे, लेव्ही बुडवणाऱ्या पेढीची तक्रार मंडळात नेणे, पोत्याचे वजन ५० किलोवर आणण्यासाठी भांडणे ही सगळी कामे संघटनेलाच करावी लागली, कारण एकटा हमाल व्यापाऱ्याशी वाद घालायला गेला तर दुसऱ्या दिवशी त्याला काम मिळण्याची खात्री नसे. सभासदत्वाचा लाभ केवळ कामाच्या वेळेपुरताच राहिला नाही. पुण्यात १९७४ मध्ये हमाल पंचायतीने ‘कष्टाची भाकर’ हे केंद्र सुरू केले, आणि तिथे कष्टकऱ्याला स्वस्तात पोटभर जेवण मिळू लागले.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. माथाडीच्या नावाखाली कारखान्यांच्या दारात खंडणी मागणाऱ्या टोळ्या निपजल्या, आणि त्यांचा सर्वाधिक तोटा खऱ्या माथाड्यांनाच झाला, कारण कायदा सैल करू पाहणाऱ्यांच्या हाती आयते निमित्त आले. २०२३ मध्ये विधिमंडळात कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले, तेव्हा माथाडी संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. खंडणीखोरांना शिक्षा व्हावी, यावर त्यांचे दुमत नव्हते; मंडळाचे संरक्षण ज्यांना लाभते त्यांची संख्याच या वाटेने कमी होईल, ही त्यांची भीती होती. गोदामांत आता फोर्कलिफ्ट आणि सरकते पट्टे आले आहेत. पण पट्ट्याच्या टोकाशी गोणी उचलून थप्पी लावणारा माणूस अजून तिथेच उभा आहे, आणि त्याची नोंद मंडळाच्या वहीत करायची की कंत्राटदाराच्या, यावरच सध्याचा वाद आहे.